माणसं नाहीत म्हणे!



करमाड आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून आपण जितके अर्ज देतो, त्यातल्या बहुतेकांना उत्तर एकच येतं, आणि तेही तोंडी. "मनुष्यबळ नाही." कोणी म्हणतं स्टाफ कमी आहे, कोणी म्हणतं चार्ज दुसऱ्याकडं आहे, कोणी म्हणतं मोजणीवाले साहेब दुसऱ्या तालुक्यात गेलेत. शब्द वेगळे, मतलब तोच. गायरानाचा पंचनामा? माणूस नाही. गाव नमुना एक-ई ची नक्कल? माणूस नाही. जातीच्या दाखल्यासाठी आजोबाचं जुनं रेकॉर्ड? ते वाचणारा माणूस नाही.

आपल्यातले बरेच जण हे ऐकून गप घरी येतात. मागच्या बैठकीत एक काका म्हणाले, "त्यो तलाठी तरी काय करंल बिचारा, तीन तीन गावं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर." खरं आहे काकांचं. म्हणूनच हे लिहायला घेतलं. तलाठ्यावर माझा राग नाही. (तलाठी म्हणायचं नाही आता, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. २०२४ साली सरकारनं नाव बदललं. नाव बदलायला माणसं होती.) राग याचा आहे की "माणसं नाहीत" हे आपण पाऊस पडला नाही, गारपीट झाली असं समजून ऐकून घेतो. माणसं नसणं वरून पडत नाही. कोणीतरी खुर्चीत बसून ठरवतं की या कामाला माणूस द्यायचा आणि त्या कामाला द्यायचा नाही. या पगाराला पैसा आहे, त्या पगाराला नाही. मग तो निर्णय कोणाचा, ते विचारायला पाहिजे.

आधी बघू माणसं कुठं कुठं सापडली.

आपल्या डोळ्यांपुढचंच घ्या. शेंद्र्याची एमआयडीसी झाली, मग दिल्ली-मुंबई कॉरिडॉरची ऑरिक सिटी आली. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकराच्या आसपास जमीन गेली, त्यात आपल्या करमाड-लाडगावच्या शिवारातलीही. मग समृद्धी महामार्ग आला. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडाही चालू झाला. या सगळ्याची मोजणी कोणी केली? झाडं मोजली, विहिरी मोजल्या, पाइपलाइन मोजली. मोजणीवाले आले, तलाठी आले, मंडळ अधिकारी आले, जिथं लोक आडवे झाले तिथं पोलीस पण आले. तेव्हा कोणी म्हणलं का, की "सध्या स्टाफ नाही, पुढच्या वर्षी बघू"?

दुसरं उदाहरण. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टापुढं गायरानाचा विषय निघाला. सरकारनं आकडा सांगितला, राज्यात गायरानावर २ लाख २२ हजार १५३ अतिक्रमणं आहेत आणि ती वर्ष संपायच्या आत काढू. साथींनो, तो आकडा परत वाचा. शेवटचे १५३ सुद्धा मोजलेत! गावोगाव नोटिसा निघाल्या, दारावर चिकटवल्या, सही घेतली. बोंब झाली तेव्हा सरकार जरा मागं सरलं, ते वेगळं. पण माझा प्रश्न सरळ आहे. आमचं नाव अतिक्रमण म्हणून लिहायला आलेला माणूस, आमचं नाव कब्जेदार म्हणून लिहायच्या वेळी कुठं जातो?

कारण तेच रजिस्टर आहे. हे नीट समजून घ्या, नव्या पोरांना माहीत नसतं. महाराष्ट्र सरकारचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आहे. १ एप्रिल १९७८ पासून १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीन मागासवर्गीयांनी सरकारी पडीक, गायरान जमिनीवर शेतीसाठी केलेला कब्जा नियमित करायचा, असा. १४ एप्रिल हा बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा दिवस म्हणून धरला. त्याच्या मागं दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह आहेत, १९५९ चा आणि १९६४ चा, ज्यात मराठवाड्यातल्या बायाबापड्या जेलमध्ये गेल्या. ही काही कोणा साहेबाची मेहेरबानी नव्हती. आता पुरावा काय लागतो? तलाठ्याकडची अतिक्रमण नोंदवही, म्हणजे गाव नमुना एक-ई. पीकपाहणीची नोंद. दंडाची पावती. म्हणजे आमचा हक्क सिद्ध करणारे सगळे कागद सरकारच्याच कपाटात आहेत, आणि कपाटाची चावी ज्याच्याकडं तो माणूस "नाही".

एका सज्जाची गोष्ट सांगते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या म्हातारीला उद्या त्रास नको. भिल्लाची बाई, नवरा वारलेला, दोन एकर गायरान सासऱ्यापासून कसते. १९८६ ची दंडाची पावती तिच्याकडं आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात. मी तिच्यासोबत एक-ई ची नक्कल मागायला पाच चकरा मारल्या. पहिल्यांदा कुलूप. दुसऱ्यांदा चार्जवाले दुसऱ्या गावाला. तिसऱ्यांदा भेटले, म्हणाले जुनं रजिस्टर तहसीलला जमा आहे. तहसीलला म्हणाले रेकॉर्ड रूमला माणूस नाही, अर्ज देऊन जा. पाचव्यांदा अर्जाचं विचारलं तर अर्जच सापडंना. ती एका दिवसाची मजुरी बुडवून येते. पाच दिवसांची मजुरी म्हणजे तिच्या घरातला महिन्याचा किराणा. त्याच बाईला २०२२ ची अतिक्रमणाची नोटीस मात्र घरपोच मिळाली होती, नावात काना-मात्रेची चूक नव्हती.

वरून आता पीकपाहणी मोबाइलवर आली. शेतकऱ्यानं स्वतः फोटो काढायचा, ॲपमध्ये टाकायचा. चांगलं आहे, ज्याचं सातबाऱ्यावर नाव आहे त्याला. ज्याचं नाव नाही तो खातेदार म्हणून ॲपमध्ये दिसतच नाही. पूर्वी तलाठी बांधावर आला तर निदान पीक पाहून कोण कसतंय ते लिहू शकत होता. आता आम्ही बाजरी पेरायची, राखायची, काढायची, आणि कागदावर ती जमीन पड. वीस वर्षांनी कोणी म्हणंल, २०२५ ला इथं कोणी कसतच नव्हतं. यालासुद्धा माणूस कमी करणंच म्हणतात, फक्त नाव डिजिटल आहे.

तिसरं उदाहरण जरा जपून सांगायला पाहिजे, कारण आपल्याला कोणाशी भांडण लावायचं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. दोन महिन्यांच्या आत एक कोटी बाहत्तर लाखांवर कागद तपासले आणि ११,५३० नोंदी काढल्या. निजामाच्या काळातलं उर्दू रेकॉर्ड, मोडीतलं रेकॉर्ड, शाळेचं, महसूलचं, जेलचं पण. वाचणारे आणले, टेबलं लावली, रात्री बसवलं. ज्यांना त्या नोंदी मिळाल्या त्यांना त्या मिळाल्या, त्यांचं पोट दुखावं असं मला वाटत नाही. त्यांनी आंदोलन केलं, सरकारला हलवलं. पण बघा, आदिवासीला जमातीची पडताळणी करायची तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आपलं १९५० च्या आधीचं मराठवाड्यातलं रेकॉर्ड कोणत्या भाषेत असणार? त्याच उर्दूत, त्याच मोडीत, त्याच कपाटात! तेच कागद, तेच कपाट. एका कामाला दोन महिन्यांत माणसं निघतात आणि आपल्या पोरीला ॲडमिशनच्या तारखेपर्यंत "वाचणारा नाही" ऐकावं लागतं. म्हणजे माणसं निघू शकतात. हे सरकारनंच सिद्ध करून दाखवलं, त्याबद्दल आभार.

आणि काम करायला माणूस नाही म्हणावं तर तेही खोटं. २०२३ साली ४,६४४ तलाठ्यांची जाहिरात निघाली. फॉर्म आले दहा लाखांवर. फी हजार रुपये, आपल्यासारख्यांना नऊशे. एका जागेला दोनशेच्या वर पोरं-पोरी रांगेत आहेत आणि सरकार सांगतं माणसं मिळत नाहीत. पेसा भागातल्या जागांचं तर विचारूच नका. कोर्टात अडकल्या म्हणून परीक्षा पास झालेल्या आदिवासी पोरांना लटकवून ठेवलं. २०२४ मध्ये जे. पी. गावित उपोषणाला बसले. ४ ऑक्टोबरला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून जाळीवर उडी मारली. सत्तेतल्या माणसाला उडी मारावी लागते, तेव्हा कुठं पोरांना मानधनावर घेतात. मानधनावर! कायमचा तलाठी दहा वर्षं एका जागी राहिला तर त्याला कळतं कोण कुठलं रान कसतंय. मानधनावरचा पोरगा अकरा महिने पुढच्या ऑर्डरची वाट बघणार का आपल्या बांधावर येणार?

२०२५ मध्ये नाशकात आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी बिऱ्हाड घेऊन बसले होते. पावसात, पोराबाळांसकट. का, तर १,७९१ शिक्षक कंपनीमार्फत भरायचं ठरलं. दहा-दहा वर्षं शिकवलेल्यांना घरी बसवायचं आणि कंपनीला पैसे द्यायचे. म्हणजे तिथं माणसं आहेत, पैसा पण आहे, तरी माणूस ठेवायचा नाही. २०२३ मध्ये नऊ कंपन्यांना भरतीचं कंत्राट दिलं होतं ते पोरं रस्त्यावर आल्यावर दोन महिन्यांत रद्द करावं लागलं होतं. पुढच्या दारातनं गेलेलं मागच्या दारातनं आलं.

आता पैशाकडं येऊ.

महाराष्ट्रात सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३ पासून ठरलेलं आहे की आदिवासींच्या लोकसंख्येइतका वाटा बजेटात आदिवासी विकास विभागाला वेगळा द्यायचा. २०११ च्या जनगणनेत राज्यात आपण शंभरात ९.३५. म्हणजे शंभर रुपयांत नऊ रुपये आपले, दुसरीकडं वळवायचे नाहीत असा त्याचा अर्थ. मे २०२५ मध्ये काय झालं? लाडकी बहीण योजनेचा हप्ता द्यायला आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्यायचे ४१० कोटी ३० लाख वळवले. सामाजिक न्यायचे मंत्री संजय शिरसाट आपल्याच जिल्ह्याचे, पालकमंत्री पण तेच. ते स्वतः चिडून बोलले की खात्याची गरज नसेल तर खातंच बंद करून टाका. खात्याच्या मंत्र्याची ही गत, तर करमाडच्या भिल्लाची काय सांगावी!

सरकारचं म्हणणं असं की लाडक्या बहिणींमध्ये आदिवासी बहिणी पण आहेत, मग पैसा आदिवासींनाच गेला ना. माझी आई पण त्यातली एक. तिला दीड हजार येतात, ती गॅस भरते, गोळ्या आणते. कोणी म्हणंल, मग तू कोणत्या तोंडानं बोलतेस? याच तोंडानं बोलते. लाडकी बहीण ही राज्यातल्या सगळ्या जातीच्या बायांची योजना आहे, तिच्यासाठी २०२५-२६ च्या बजेटात ३६ हजार कोटी ठेवले होते. बाकीच्या बहिणींना सरकारच्या मोठ्या पेटीतून द्यायचे आणि आदिवासी बहिणीला तिच्याच पोराच्या वसतिगृहाच्या डब्यातून काढून द्यायचे, याला ओवाळणी म्हणत नाहीत. तिचाच पैसा तिच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातला आणि वरून फोटो काढला.

आंध्रात, कर्नाटकात २०१३ ला कायदा झाला, तेलंगणात २०१७ ला, की हा पैसा याच समाजावर खर्च झाला पाहिजे. महाराष्ट्रात असा कायदा नाही, नुसता सरकारी निर्णय. कायदा असला की सगळं ठीक होतं असंही नाही, कर्नाटकात कायदा असून गॅरंटी योजनांना हा पैसा लावल्याची ओरड झालीच. पण तिथं निदान कायद्याचं कलम दाखवून भांडता येतं. आपल्याकडं मंत्री पण नुसता चिडू शकतो.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. पाचव्या अनुसूचीत महाराष्ट्रातले तेरा जिल्हे, त्यात मराठवाड्यातला फक्त नांदेड. आपण पेसाच्या बाहेर. आपल्यासाठी संभाजीनगरला एक प्रकल्प कार्यालय, त्याच्याकडं मराठवाड्यातले कितीतरी जिल्हे, आणि त्याचे वरचे साहेब अपर आयुक्त, ते बसतात अमरावतीला. करमाडची तक्रार घेऊन अमरावतीला जायचं! जिल्हा नियोजन समितीत आपला पैसा "उपयोजना क्षेत्राबाहेरील" या नावानं येतो. क्षेत्राबाहेरील. जमिनीच्या बाहेर, सातबाऱ्याच्या बाहेर, आणि आता क्षेत्राच्या पण बाहेर. जिल्ह्यात आपण शंभरात चारच्या आसपास, मतांच्या हिशोबात कोणालाच नडत नाही, म्हणून त्या रकान्यातल्या पैशाचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

विचारायचं कुणाला, तर जिल्हा परिषद सदस्याला. पण २०२५ मध्ये तोच नव्हता! आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर प्रशासक होता. बजेट एकच साहेब मांडायचा, तोच साहेब मंजूर करायचा, आणि मंजूर झाल्याबद्दल स्वतःचं अभिनंदन पण करत असावा. सभाच नव्हती तर प्रश्न कोण विचारणार? निवडून आलेली बॉडी नव्हती म्हणून वित्त आयोगाचा जिल्हा परिषदेचा आणि पंचायत समितीचा हिस्सा पण अडकला. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या.

जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातले वीस टक्के मागासवर्गीयांवर खर्च करावे लागतात. ग्रामपंचायतीला पंधरा टक्के. त्यातून काय येतं तुम्हाला माहीत आहे, शिलाई मशीन, फवारणीचा पंप, पाइप. वस्तीला जायला रस्ता नाही, शाळेला एकच मास्तर, त्याला पण निवडणुकीच्या आणि सर्व्हेच्या कामाला लावलेला, आणि आम्ही शिलाई मशीन घेऊन फोटोत उभे. पाइप देतात, पण ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. परत तिथंच येऊन थांबलो. जमिनीचा कागद नाही म्हणून योजना नाही, आणि कागद करायला माणूस नाही.

काही जण म्हणतात, एवढं काय ताणून धरायचं, उशीर होतो सरकारी कामाला. उशिराचा अर्थ करमाडला सांगायची गरज नाही. ८ मे २०२० ची पहाट आपल्या सगळ्यांना आठवते. बदनापूर आणि करमाडच्या मध्ये रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या स्टील कंपनीत कामाला होते, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरियाचे, बहुतेक आपलेच गोंड भाऊ. भुसावळला गाडी मिळंल म्हणून चालत निघाले होते. वाचलेल्यांनी सांगितलं की पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नव्हतं. मेल्यावर त्यांना घरी न्यायला स्पेशल गाडी निघाली, दोन्ही सरकारांनी पाच-पाच लाख जाहीर केले. एक दिवसात गाडी पण मिळाली, माणसं पण, पैसा पण. आणि ते चालत का होते? गावाकडं पोट भरंल एवढी जमीन असती तर कोण जालन्याच्या भट्टीवर आलं असतं.

म्हणून आपलं मागणं या वेळी "लवकर करा" एवढं नाही. करमाड मंडळात गायरान कब्जेदारांसाठी वेगळा माणूस नेमा, त्याच्या नावाची ऑर्डर काढा, एक-ई रजिस्टर वस्तीवर आणून वाचून दाखवा आणि ज्याचा कब्जा १९९० च्या आधीचा आहे त्याचा पंचनामा जाग्यावर करा. मोजणीवाले समृद्धीला आले होते तसे आमच्या दोन एकराला पण येऊ द्या. आणि उपयोजना क्षेत्राबाहेरचा पैसा, जिल्हा परिषदेचे वीस टक्के, ग्रामपंचायतीचे पंधरा टक्के कुठं गेले ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

१ ऑगस्टला महसूल दिन आहे. साहेब लोक हार घालून घेणार. त्या दिवशी आपण तहसीलला अर्ज द्यायला जायचं आहे. येताना प्रत्येकानं अर्जाच्या दोन प्रती आणायच्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही. पोच दिल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. "मनुष्यबळ नाही" असं कोणी म्हणालं तर भांडायचं नाही, ओरडायचं नाही, एवढंच म्हणायचं: साहेब, हेच लिहून द्या. २०१५ चा सेवा हक्क कायदा आहे, जी सेवा यादीत आहे ती मुदतीत द्यावी लागते, नाकारली तर लेखी कारण द्यावं लागतं, आणि विनाकारण अडवली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड आहे. जी यादीत नाही तिच्यासाठी माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयाचं तिकीट, तीस दिवस. अर्जात एवढंच विचारा: आमच्या सज्जात मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामं पद कधीपासून रिकामं, आणि ते भरायचं नाही हा निर्णय कोणत्या तारखेला कोणाच्या सहीनं झाला.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हाच विषय पहिल्या तासात मांडायचा, जेवणाच्या वेळेनंतर नाही, तेव्हा सह्या करून लोक पळतात. ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिला का ते बघूनच उठा. ज्याला लिहिता येत नाही त्यानं बारावीच्या, दहावीच्या पोरीला सोबत घ्या, प्रत्येक वस्तीवर आता एक तरी आहे. दंडाच्या पावत्या, एकसाली पट्ट्याचे कागद, जुन्या नोटिसा, काय असंल ते घेऊन या. झेरॉक्स जोडा. मूळ कागद कोणाच्याही हातात द्यायचा नाही, कितीही मोठा साहेब असला तरी.